गंज, जंग की क्षरण? खारपाणपट्ट्यात काय लिहावं?

दर्यापूरहून, प्रश्नकर्ता

आमच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागात, बोअरच्या लोखंडी पाइपांवर शेतकऱ्यांसाठी एक पानी माहितीपत्रक लिहितो आहे. पहिल्याच ओळीत अडलो. 'खाऱ्या पाण्यात पाइप लवकर गंजतो' असं लिहावं, तर आपल्याकडे गंज म्हणजे पातेलं. 'जंग' लिहावं तर हिंदी वाटतं. शाळेच्या पुस्तकात 'क्षरण' आहे, ते शिवारात कोणी बोलत नाही. आणि 'अभिक्रियेचा दर' म्हटलं की लोक कापसाकडे वळतील, ही भीती वेगळीच. काय करावं?

वाशीमकर

जंग बिनधास्त लिहा. तो हिंदीचा नाही, फारसीचा आहे. मूळ 'झंग'. उर्दूत तांबेऱ्याचा झंग आणि लढाईचा जंग वेगवेगळ्या अक्षरांनी लिहितात. आपण नुक्ता पाळत नाही म्हणून दोन्ही एकाच दावणीला. पुण्याकडचा गंज हा याच जंगची अक्षरं उलटून झाला असावा, असा माझा कयास. विदर्भात ती जागा पातेल्यानं अडवलेली, म्हणून इथं जंग टिकला. 'गंजाले जंग लागला' हे वाक्य विदर्भाबाहेर बोलून दाखवा बरं! तसं आपल्याकडचे बरेच गंज जर्मनचे, म्हणजे अॅल्युमिनियमचे. त्यांना लोखंडासारखा जंग लागतच नाही, ती गोष्ट निराळी.

कापसाची काळजी सोडा. कापसाला आपण भाव म्हणतो. दर मोकळाच आहे.

पाइप-मोटारीचं काम करणारा, अकोट

भाऊ, आमच्या धंद्यात एका शब्दावर भागत नाही. जंग 'लागला' म्हणजे वरचेवर लाली आली, घासली की गेली. जंग 'खाल्ला' म्हणजे पाइपाची जाडी कमी झाली, पान्हा लावला की आटे झडतात. 'सडला' म्हणजे हात लावला की भोक. छपराच्या टिनाही सडतात आणि ट्रॉलीचा पत्राही सडतो, लाकडासारखाच. शेतकरी फोनवर यातलं काय म्हणतो त्यावरून कोणतं सामान घेऊन निघायचं ते मी ठरवतो. तुमचं क्षरण यातलं कोणतं?

आणि एक लिहाच. पितळी फुटवाल, म्हणजे पाइपाच्या खालच्या टोकाची झडप, थेट लोखंडी पाइपाला जोडला की खाऱ्या पाण्यात पाइपाचे आटे आधी जातात, फुटवाल शाबूत राहतो. लोक पाइपवाल्याला शिव्या देतात.

निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, अमरावती

अकोटच्या भाऊंचा प्रश्न रास्त आहे. क्षरण म्हणजे धातूचं झिजत जाणं, म्हणून त्यांच्या तिन्ही पायऱ्या त्यात येतात. तो क्रियेचा शब्द आहे. जंग हा त्या क्रियेतून तयार झालेला पदार्थ, म्हणजे पाणी धरून बसलेलं लोखंडाचं ऑक्साइड. म्हणूनच जंग फक्त लोखंडाला. तांब्यापितळेवर येतो तो हिरवा कळंक, त्यात ठेवलेलं ताक कळकतं. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपावर पांढरी भुकटी दिसते ती जस्ताची. जस्त आधी स्वतः झिजतं आणि तोवर लोखंड वाचतं. या सगळ्यांना मिळून जंग म्हणता येत नाही, क्षरण म्हणता येतं.

फुटवालचं म्हणणं अगदी खरं. लोखंड एका जागी इलेक्ट्रॉन सोडतं, दुसऱ्या जागी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते घेतो. पितळ शेजारी असलं की ही दुसरी जागा आयती मिळते आणि लोखंडाचं जाणं वाढतं. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं, म्हणून हा व्यवहार झपाट्यानं चालतो. पण मीठ वाढेल तसा वेग वाढतच जातो असं मात्र नाही. शेकडा 3 च्या आसपास, म्हणजे जवळपास समुद्राच्या पाण्याइतक्या खारटपणाला, तो कळसाला पोचतो. त्यापुढे पाण्यात ऑक्सिजनच कमी मावतो आणि वेग उतरतो.

'दर' की 'वेग' यावर माझं मत वेग. विश्वकोशात विक्रिया, शाळेत अभिक्रिया, हा घोळ पत्रकात आणूच नका. वेगाबद्दल आमचा ढोबळ नियम असा, की तापमान 10 अंशांनी वाढलं की बऱ्याच अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. हे वाचून कोणी विचारेल, मग वैशाखात 45 अंशांत बांधावर पडलेल्या वखराच्या पासेला, म्हणजे लोखंडी पात्याला, जंग का लागत नाही? कारण पाण्याचा पातळ थरच नसतो. आषाढात पारा उतरतो, पण पास ओली राहते आणि पंधरवड्यात लाल होते. अडलेलं पाण्यापाशी असेल तर नुसत्या उन्हानं वेग वाढत नाही.

संत्रा बागायतदार, वरूड

सर, आमचा वेग डोळ्यादेखत दिसतो. फवारणीचं बुरशीनाशक बोर्डो मिश्रण करताना मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि चुना नीट जुळला की नाही ते बघायला लोखंडी विळा बुडवतो. थोड्याच वेळात पात्यावर तांबडा थर आला तर चुना कमी पडला, अजून टाकायचा. लोखंडाच्या बादलीत मोरचूद भिजवू नका म्हणतात तेही याचसाठी. हे क्षरणच ना? याला आमच्याकडे जंग कोणी म्हणत नाही, 'तांबं चढलं' म्हणतात.

शिक्षक, अमरावती

लोखंड विरघळून जातं म्हणजे क्षरणच. त्याची जागा तांबं घेतं म्हणून पुस्तकात विस्थापन. 'तांबं चढलं' जास्त चांगलं आहे.

प्रश्नकर्ता

मग असं लिहितो: 'खाऱ्या पाण्यात लोखंडी पाइपाला जंग झपाट्यानं लागतो. पाण्याच्या पातळीजवळ, जिथं पाइप ओला-कोरडा होत राहतो, तिथं तो जास्त खातो.' क्षरण मथळ्यात एकदाच ठेवतो, शाळकरी पोरांना पुस्तकाशी जोडता यावं म्हणून.

अकोट

'तिथं तो जास्त खातो' नको, वाचणाऱ्याला कोण खातो ते कळणार नाही. 'तिथं पाइप आधी सडतो' लिहा. आणि फुटवालचं मोठ्या अक्षरात.