उंबराखालचा काळपट बीज-ढेकूण: डायुकेस म्हणता येईल का?

प्रश्न
उंबराच्या पाचोळ्यात, गळून पडलेल्या फळांशेजारी साधारण 9 मिमी लांबीचे काळपट ढेकूण मिळालेत. पंखांवर फिकट ठिपके, मिशीच्या शेवटच्या पेरावर पांढरं कडं, पुढच्या मांड्या फुगीर आणि खालून काटेरी. ॲप ‘डायुकेस’ ही बीज-ढेकणांची प्रजाती (जीनस) सांगतं. नमुने 70 टक्के अल्कोहोलमध्ये आहेत. प्रजाती पक्की करायला काय बघू?

उत्तर 1
ठिपके, कडं आणि फुगीर मांडी तूर्त बाजूला ठेवा. काटेरी मांडी बीज-ढेकणांच्या कितीतरी गटांत असते, तिच्यावर प्रजाती ठरत नाही.

आधी डोक्यावर, दोन मोठ्या डोळ्यांखेरीज, बारीक ठिपक्यांसारखे साधे डोळे आहेत ना ते बघा. नसतील तर तो कपाशीच्या लाल ढेकणाच्या जातकुळीतला असू शकतो. मग नमुना उताणा करून 20 पट भिंगाखाली, तिरप्या उजेडात पोटाच्या चौथ्या आणि पाचव्या खंडांमधली शिवण शोधा. ती कडेकडे जाताना डोक्याच्या बाजूला वळून काठ गाठण्याआधीच विरली, तर कूळ ऱ्हायपॅरोक्रोमिडी. ओलं पोट चकाकतं आणि शिवण हरवते, म्हणून टिपकागदावर दोन-तीन मिनिटं सुकवून मगच बघा. बहुतेक चुका इथेच होतात.

पुढे मानेमागच्या ढालीचा बाजूचा काठ. धारदार, चपटा, फिकट असेल तर या कुळातला ऱ्हायपॅरोक्रोमिनी गट. गोलसर असेल तर मायोडोकिनी गट. डायुकेस पहिल्या गटात येतो, आणि त्याच्या मिशीचं पहिलं पेर डोक्याच्या टोकाच्या बरंच पुढे जातं. तरीही एवढ्यावर ‘डायुकेससारखा’ इतकंच लिहा.

जुन्या संग्रहात शोधताना लायगिइडी कुळाचे ट्रे उघडा. ब्रिटिश भारतातल्या ढेकणांवरच्या डिस्टंटच्या 1904 च्या खंडात हे बीज-ढेकूण त्याच कुळात आहेत. वेगळी कुळं 1997 मध्ये कीटकतज्ज्ञ हेन्रीने केली. डायुकेसच्या जातींसाठी आयल्सचा 1973 चा मोनोग्राफ लागेल.

प्रश्नकर्ता
शिवण वळून विरते, काठ चपटा आहे. जातीपर्यंत जायला नरच लागेल का?

उत्तर 2
हो, नरच. मादीच्या पोटाचं टोक खालून अंडनलिकेने चिरलेलं दिसतं, नराचं बंद आणि गुळगुळीत. वाकवलेल्या टाचणीने नराची जननकुपी, म्हणजे पोटाच्या टोकातला जननांगांचा कप्पा, अलगद बाहेर काढा, 10 टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये कोमट ठेवा आणि दर पाच मिनिटांनी बघा. जास्त वेळ राहिली तर सगळं पारदर्शक होऊन तिच्यातल्या पकडीच्या आकड्यांची कडाच दिसेनाशी होते, आणि जात ओळखायला तीच लागते. मग पाण्यात व्हिनेगरचे दोन थेंब टाकून धुवा आणि ग्लिसरीनमध्ये तपासा. जननकुपी त्याच नमुन्याच्या टाचणीवर टोचलेल्या इवल्या बाटलीत राहिली पाहिजे.

नमुना त्रिकोणी कार्डावर लावताना डिंकाचा ठिपका छातीच्या उजव्या बाजूला द्या. पोटाला लावलात तर तीच शिवण झाकली जाईल.

आणि पिल्लं असतील तर वेगळी ठेवा. त्यांच्या पाठीवर गंधग्रंथींची तोंडं तिसऱ्या-चौथ्या, चौथ्या-पाचव्या, पाचव्या-सहाव्या खंडांमध्ये मिळाली तर गट जुळतो. आजच्या मर्यादित अर्थाच्या लायगिइडीत तिसऱ्या-चौथ्या खंडांमधलं तोंड नसतं.