पत्रीसरकारला 'सरकार' म्हणायचं की नाही? (सातारा, १९४२ ते ४६)

कृष्णाकाठ:
परवा जेवताना पुतण्यानं विचारलं, काका, नाना पाटलांनी इंग्रजांविरुद्ध चालवलेलं ते प्रतिसरकार, ज्याला लोक पत्रीसरकार म्हणायचे, ते म्हणजे नक्षलवाद्यांसारखंच ना, बंदुका घ्यायच्या, खजिना लुटायचा आणि वर आम्हीच सरकार म्हणायचं. मला राग आला खरा, पण नंतर वाटलं पोराचं काय चुकलं, आपण त्यांना फक्त शेणोलीची रेल्वे लूट (७ जून १९४३) आणि धुळ्याचा खजिना (१४ एप्रिल १९४४) एवढंच सांगतो. त्याआधी काय झालं ते कुणी सांगतच नाही. ३ सप्टेंबर १९४२ ला तासगाव कचेरीवर मोर्चा गेला तो शांततेतच गेला. मग ९ तारखेला वडूजला गोळीबार झाला, परशुराम घार्गे हातात तिरंगा घेऊन पुढे होते, नऊ माणसं गेली. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला गोळीबार. आठवडाभरात एवढं बघितल्यावर लोक भूमिगत झाले, बंदूक त्यानंतर आली. आणि नुसती बंदूक नव्हती, गावोगाव न्यायदान मंडळं होती, दारूबंदी होती, हुंडा नि मानपान नसलेले गांधी विवाह लावले जात होते. माझं स्पष्ट मत, गावानं मानलं म्हणून ते सरकार होतं आणि इंग्रजांचं नव्हतं.

अनघा:
गावानं मानलं म्हणजे नक्की कुणी मानलं? माझे आजोबा एका सावकाराकडे दिवाणजी होते. एका रात्री तोंडाला फडकी बांधलेली पाचसहा माणसं आली, त्यांना उचलून गावाबाहेर नेलं, 'तू खबऱ्या' म्हणाले आणि तळपायांवर काठ्या मारल्या. आजी पुढे कितीतरी वर्षं रोज रात्री मीठ तव्यावर गरम करून फडक्यात बांधून त्यांचे पाय शेकायची, ते मी स्वतः बघितलंय, थंडीत तर ते टाच टेकवूच शकत नसत. खबर देणारा भलताच होता हे नंतर गावाला कळलं. पण चूक झाली असं सांगायला कुणीसुद्धा आलं नाही. ती माणसं कोण होती हे आजतागायत आम्हाला माहीत नाही. सरकार म्हटलं की निदान अपील तरी असतं ना?

माणदेशी:
अनघाताई, वाचून वाईट वाटलं. पण त्या काळात पत्रीसरकारच्या नावावर दरोडे घालणारे पण खूप होते, आणि त्यांचा बंदोबस्त करायचं काम कार्यकर्त्यांनाच करावं लागलं हे विसरू नका. आणि 'पत्री' शब्दावरून घोड्यासारखी पायात पत्री ठोकायचे असं जे पसरलंय त्याला जुने कार्यकर्ते कायम नाही म्हणत आले, तळव्यावर फटके द्यायचे हे मात्र ते कबूल करायचे.

दुसरी बाजू पण ऐका. माझ्या आजीच्या माहेरी न्यायदान मंडळ बसलं होतं ते तिनं दाराआडून बघितलेलं. रात्री खळ्यावर, कंदिलाची वात बारीक केलेली, सावकाराला बोलावून त्याची चोपडी उघडायला लावली आणि आकडे मोठ्यानं वाचायला लावले, सगळ्या गावासमोर. मुद्दल कधीच फिटलेलं निघालं. गहाण पडलेली दोन एकर त्या विधवा बाईला तिथल्या तिथं परत मिळाली. तालुक्याच्या कोर्टात गेली असती तर वकील कुठनं आणला असता तिनं, आणि तारखांना जाऊन जाऊन म्हातारी झाली असती. ही दोन एकर पण हिशोबात धरा.

शिरीष:
मुद्दा न्यायाचा आहे तसा साधनांचाही आहे. १९४४ मध्ये सुटून आल्यावर गांधीजींनी भूमिगतांना बाहेर या, उघडपणे समोर जा असं सांगितलं. साताऱ्यातल्या बहुतेकांनी ते ऐकलं नाही. नाव गांधी विवाह, डोक्यावर गांधी टोपी आणि गांधींचाच शब्द मानायचा नाही, हे मला पटत नाही. आणि धुळ्याचा साडेपाच लाखांचा खजिना, तो पैसा चळवळीसाठीच वापरला असेल, मी शंका घेत नाही, पण हिशोब बघायचा अधिकार कुणाला होता? शिवाय एकदा रात्रीची शिक्षा गावाला सवयीची झाली की ती चार वर्षांनी आपोआप संपत नाही. अठ्ठेचाळीसच्या जळितात याच भागात ब्राह्मणांची घरं पेटली.

कृष्णाकाठ:
शिरीष, जळीत यात ओढू नका. गांधीहत्येनंतर ते झालं, १९४८ साली, आणि प्रतिसरकार ४६ लाच थांबलं होतं. त्यात कुणी जुना कार्यकर्ता असेल तर त्याचं नाव घेऊन बोला, सगळ्या चळवळीच्या माथी मारू नका.

गांधीजींचं म्हणाल तर, बाहेर आला असता तर फासावर गेला असता अशी माणसं होती त्यात, त्यांना 'हजर व्हा' म्हणणं आपल्याला आज सोपं आहे. नानांनी १९३० ला तलाठ्याची नोकरी सोडली ती गांधींच्याच हाकेवर. ४२ नंतर त्यांची जमीन गेली, आई वारली तेव्हा रात्री लपून येऊन अग्नी द्यावा लागला. त्या माणसाला निष्ठा शिकवायची? आणि माझ्या मते सगळ्यात मोठा पुरावा हा, की १९४६ ला काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं रद्द झाली आणि ही माणसं उघड्यावर आली, नाना पुढे ५७ साली साताऱ्यातनं नि ६७ ला बीडमधनं लोकसभेवर निवडून गेले. सत्ता टिकवायचीच असती तर बंदुका होत्याच की हातात. नक्षलवाद्यांशी तुलना इथंच संपते.

अनघा:
तुम्ही नानांबद्दल बोलताय, जी. डी. बापू लाडांबद्दल, नागनाथअण्णा नायकवडींबद्दल, म्हणजे पुढाऱ्यांबद्दल. त्यांच्या त्यागाबद्दल माझा एक शब्दही नाही. नानांच्या मुलीनं, हौसाताईंनी पोलिसांचं लक्ष वळवायला भररस्त्यात भांडणाचं नाटक करून मार खाल्ला ते वाचून मी रडलेय. माझा प्रश्न त्यांच्याखालच्या पाचव्या सहाव्या माणसाचा आहे, ज्याच्या हातात काठी होती आणि ज्याला कुणी विचारणारं नव्हतं. माणदेशी, खळ्यावर चोपडी उघडली, आकडे वाचले, गाव ऐकत होतं, त्याला मी सरकार म्हणेन. आमच्या आजोबांना बोलूच दिलं नाही. दोन्ही एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षी. मग कुठल्यावरनं ठरवायचं?

माणदेशी:
याला माझ्याकडे उत्तर नाही ताई. एवढं म्हणतो की खळ्यावरची सभा नियमाने व्हायची आणि खबऱ्याचा संशय आला की नियम बाजूला पडायचे, कारण एका खबरीवर अख्खी टोळी पकडली जायची. भीतीपोटी झालं असेल. बरोबर झालं असं मी म्हणत नाही.

कृष्णाकाठ:
अनघाताई, मी 'गावानं मानलं' असं सरसकट लिहिलं ते चुकलं माझं. सरकार होतं हे मत बदललेलं नाही, पण त्या सरकारनं आपल्याच माणसावर अन्याय केला की दाद कुठं मागायची याची सोय नव्हती, हे मान्य. पुढच्या महिन्यात पुतण्याला कुंडलला नेतोय, प्रतिसरकारची सशस्त्र तुकडी, तूफान सेना, जिथं उभी राहिली ते गाव दाखवायला. तुमची हरकत नसेल तर तुमच्या आजोबांचं पण त्याला सांगेन.

अनघा:
सांगा. फक्त ते खबरे नव्हते हे आधी सांगा, पायांचं नंतर.