इंडी (देशी) कुत्र्याच्या पोटावर तिसऱ्यांदा पुरळ, गोरेगाव-मालाडकडे स्किनचा चांगला व्हेट सुचवा

चिवड्याची_आई:
आमचा चिवडा, इंडी, ४ वर्षांचा, १९ किलो. जूनपासून तिसऱ्यांदा पोटावर नि जांघेत पुरळ आलंय, आधी बारीक पूवाचे फोड, मग ते फुटून गोल चट्टा नि कडेने कातडी सोललेली. मेडिकलवाल्याने गजकर्ण म्हणून माणसांची ट्यूब दिली, चार दिवस बरं वाटलं मग दुप्पट. व्हेटने दोनदा सेफॅलेक्सिन (अँटिबायोटिक) दिलं, दुसऱ्यांदा मी दहाव्या दिवशी थांबवलं कारण साफ दिसत होतं (माहितीये, ओरडू नका). आता कोणाकडे नेऊ?

बोका_फॅन_क्लब:
ओरडत नाही, आम्हीपण हेच केलंय 😅 पण ती ट्यूब आधी फेका, असल्या ट्यूबांत बरेचदा स्टेरॉइड असतं, खाज दबते नि आतलं इन्फेक्शन वाढतं, वर कुत्रा चाटतो ते वेगळंच. नि गोल चट्टा म्हणजे गजकर्णच असं नाही, पायोडर्मामध्येपण (कातडीचं जंतूंमुळे होणारं इन्फेक्शन) असाच दिसतो.

सँडीचा_बाबा:
माझं मत, व्हेट कोण यापेक्षा तो काय तपासतो ते बघा. नुसतं लांबून बघून गोळ्या लिहिल्या तर उठून या. आमच्या डॉक्टरांनी चट्ट्यावर काचपट्टी दाबली, रंग लावून तिथेच मायक्रोस्कोपखाली मला दाखवलं, द्राक्षाच्या घडासारखे जांभळे ठिपके, ते स्टॅफिलोकोकस. हा जंतू कुत्र्याच्या कातडीवर एरवीही असतोच, कातडी बिघडली की माजतो. मग कातडीतले बारीक किडे बघायला स्क्रेपिंग केलं, म्हणजे कातडी हलकी खरवडून तपासली. तुमचं तिसऱ्यांदा आहे तर कल्चर-सेन्सिटिव्हिटी (लॅबमध्ये जंतू वाढवून त्यावर औषधं तपासतात) करूनच घ्या, रिपोर्टला काही दिवस जातात पण कुठलं औषध लागू पडेल ते कळतं, जंतू रेझिस्टंट निघाला, म्हणजे औषधाला दाद देत नसला, तर सेफॅलेक्सिनचा तिसरा कोर्स फुकट.

परळकर७७:
बजेटचा प्रश्न असेल तर परळचं बैलघोडा (जनावरांचं हॉस्पिटल), गोरेगावहून लांब पडेल पण सकाळी लवकर निघा, गर्दी असते.

चिवड्याची_आई:
बैलघोडा लक्षातच नव्हतं! पण परत परत का होतंय? घर तर स्वच्छ आहे.

सँडीचा_बाबा:
घराचा दोष नाही हो. मुळात बहुतेकदा ॲलर्जी, पिसवा-गोचीड, कधी थायरॉइड असतं, ते सापडेपर्यंत हे चालूच. आमच्या सँडीला पिसवांची ॲलर्जी निघाली. नि क्लोरहेक्सिडीनचा (जंतुनाशक) शाम्पू विचारा, थोडक्यातलं असेल तर कधी त्यावरच भागतं. फेस दहा मिनिटं ठेवायचा, लगेच धुतला तर उपयोग नाही.

चिवड्याची_आई:
दहा मिनिटं?? हा दोन मिनिटांत बाथरूमचं दार खरवडतो.

बोका_फॅन_क्लब:
टाइल्सवर त्याच्या नाकाच्या उंचीला दही फासा. आमचा दहाच्या दहा मिनिटं भिंत चाटतो.

चिवड्याची_आई:
😂 शनिवारी परळ. कल्चरचा रिपोर्ट आला की इथेच टाकते.