पोरीच्या पगारातले पाचशे परदेशी दवाखान्याला कशाला?

बालाघाटी
पोरगी पुण्यात नोकरीला लागली. पहिल्या पगारापासून दर महिन्याला पाचशे रुपये तिनं त्या 'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स'ला लावून दिलेत. बँकेतून आपोआप कापून जातात. मला कळलं तिच्या आईकडून! युद्धाच्या मुलखात दवाखाने चालवतात म्हणे. चालवू द्या. आमच्या उपकेंद्रात सिस्टर हप्त्यातून तीन दिवस, रक्तदाबाची गोळी मागितली की "मंगळवारी या". रात्री विंचू चावला तर जीप करून तालुका गाठायचा. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. माझं काय चुकतंय सांगा.

औसेकर
चुकतंय काका. 30 सप्टेंबर 1993 विसरलात? अनंत चतुर्दशीचे गणपती बुडवून लोक उशिरा झोपलेले, अन् पहाटे चारच्या आत भूकंपानं किल्लारी भुईसपाट. दगडमातीच्या भिंती अन् वरून मातीचं जड माळवद. जवळपास दहा हजार माणसं गेली. तेव्हा जग मदतीला आलं नसतं तर?

बालाघाटी
जग आलं खरं, पण घरांसाठी जागतिक बँकेनं दिलं ते कर्ज होतं, दान नव्हे. पहिल्या दिवशी ढिगाऱ्यातून माणसं काढली ती शेजारच्या गावांनी. मी होतो तिथं.

मेडिकलवाला
मी पण होतो. अन् आठवतो तो मदतीत आलेल्या, पावसात भिजत पडलेल्या जुन्या कपड्यांचा ढीग. कुणी तरी जरीचा शालू धाडला होता, त्याला कुबट वास सुटलेला. औषधांचंही तेच होतं. बोस्नियाच्या युद्धात 1992 ते 96 मध्ये हजारो टन निरुपयोगी औषधं येऊन पडली, मुदत संपलेलीसुद्धा. ती जाळायचाच खर्च झाला. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेला औषधदानाचे नियम काढावे लागले. पोरीनं गोळ्या न धाडता पैसे धाडले, हे शहाणपण.

सडेतोड
या संस्था कुणाच्या तरी बाजूच्या असतात. सेवा वगैरे वरून.

अंबाजोगाईची सिस्टर
कुणाच्या बाजूच्या? 3 ऑक्टोबर 2015 ला अफगाणिस्तानात कुंदुझचा त्यांचा दवाखाना अमेरिकेच्या विमानानं फोडला. 42 माणसं मेली, पेशंट अन् स्टाफ दोन्ही. दवाखाना नेमका कुठं आहे ते संस्थेनं आधीच कळवून ठेवलं होतं. अन् यांचा बहुतेक पैसा सरकारांचा नसतोच, अशाच पाचशे-पाचशेचा असतो.

काका, तुमच्यासाठी दुसरी गोष्ट. 1971 ला बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपलं. डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ, सोडा अन् ग्लुकोजचं पाणी ड्रममध्ये कालवलं अन् नातेवाइकांनाच पाजायला लावलं. शंभरातले तीसेक मरत होते, ते चारच्या आत आले. आज आशाताई तुमच्या नातवाला जी ओआरएसची पुडी देते, तिचं खरं वजन जगाला कळलं ते त्या छावणीत.

सडेतोड
म्हणजे आपलाच बंगाली डॉक्टर, परदेशी नाही!

अंबाजोगाईची सिस्टर
अन् ते काम करत होते त्या संशोधन केंद्रामागं अमेरिकेचं विद्यापीठ होतं. आता काय करता? विंचवाचं तसंच. डॉ. हिम्मतराव बावस्कर आपल्या जालन्याचे, भोकरदनकडचे. महाडला राहून त्यांनी दाखवलं की प्राझोसिननं विंचवाचा पेशंट वाचतो. ते इंग्लंडच्या लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं अन् बाहेरच्या देशांतले डॉक्टरही ती गोळी द्यायला लागले. इथलं तिकडं जातं, तिकडचं इथं येतं.

बालाघाटी
इथलं तिकडं गेलं, पण आमच्या गावात आलं नाही ना सिस्टर. हेच तर म्हणायलोय. आमच्याच मातीतल्या माणसानं शोधलेलं, अन् चावल्यावर जीप शोधायची.

औसेकर
पण त्याला पोरीचे पाचशे जबाबदार कसे? गोळी पुरवणं सरकारचं काम, त्यासाठी आपण कर भरतो. ते पाचशे उद्या बंद झाले तर मंगळवारची गोळी सोमवारी येणार आहे का? तुम्ही स्वतः काय दिलंत उपकेंद्राला?

बालाघाटी
पंखा दिला होता. आता तो वरच्या केंद्रात साहेबांच्या खोलीत फिरतो.

मेडिकलवाला
😂 काका, जिंकलात.

अंबाजोगाईची सिस्टर
हसू नका. काका, प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्ण कल्याण समिती असते, तिच्या बैठकीला जा. प्राझोसिन साठा-वहीत आहे का, शेवटची कधी आली, एवढंच विचारा. मूळची ती रक्तदाबाचीच गोळी, काही अप्रूप नाही तिचं. अन् तोंडी नको, लेखी विचारा.

बालाघाटी
लेखी देतो. पंख्याचंही त्यातच लिहितो. पाचशेवर माझं मत मात्र तेच आहे. पोरीनं हा धागा वाचलाय, रात्री फोन येणार.