अनुदान यंत्रांना मिळतं, मोजमापाला नाही

'इंदूरच्या लाइट हाउस प्रकल्पात (नव्या बांधकाम तंत्राची सरकारी गृहयोजना) 1024 घरं सँडविच पॅनेलची झाली, मग आता संशोधनाला सरकारी पैसा कशाला?' हा प्रश्न अर्धाच आहे. फायबर सिमेंटच्या दोन पत्र्यांमध्ये थर्माकोलच्या मण्यांचं हलकं काँक्रीट, ही भिंत उष्णता अडवण्यात प्रयोगशाळेत चांगलीच ठरते. पण सांगाडा स्टीलचा, आणि स्टील त्या काँक्रीटच्या शेकडो पट उष्णता वाहून नेतं. त्यात सांध्याचं सीलंट सुटलं किंवा एसीच्या पाइपासाठी भोक पाडून तसंच सोडलं, की कागदावरचा यू-व्हॅल्यू (भिंतीतून किती उष्णता जाते त्याचं माप) कागदावरच राहतो.

म्हणून संशोधन अनुदानाच्या प्रस्तावात प्रत्यक्ष मोजणीचा खर्च वेगळा दाखवा. हीट फ्लक्स सेन्सर (भिंतीतून वाहणारी उष्णता मोजणारी चकती) उत्तरेच्या भिंतीवर, सांध्यापासून दूर, पेस्ट लावून बसवायचा. मागे हवा राहिली की आकडा कमी येतो. सलग किमान 72 तास नोंद हवी. आपल्याकडे उन्हाळ्यात दिवसा उष्णता आत येते, रात्री उलटी फिरते. सरासरी शून्याकडे गेली की गणित फसतं. त्यामुळे खोली एसीने सतत थंड ठेवावी लागते, आणि ते वीजबिल कोणत्या शीर्षाखाली टाकायचं, इथेच बहुतेक प्रस्ताव गडबडतात (यंत्रखरेदीची यादी मात्र चोख असते!).

इको निवास संहितेची (घरांसाठीचे ऊर्जाबचतीचे सरकारी नियम) भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेसाठीची 15 वॅट प्रति चौ. मी. ही मर्यादा हिशेबाने पाळता येते. लोक राहायला आल्यावरचं मोजमाप वेगळं, आणि त्यासाठीच माणूसबळाचे पैसे मागा.