भांडणं जास्त गेटवरच होतात

"मोकळी सोडली की कुत्री एकमेकांवर तुटून पडतात, म्हणून डॉग पार्कच नको" असं डॉग पार्कच्या (कुत्री मोकळी सोडायच्या कुंपणाच्या जागेच्या) चर्चेत दोघातिघांनी लिहिलंय, ते मला अर्धंच पटतं. आमचा शेरू, लॅब्रा, वजन ३४ किलो आणि अक्कल पावकिलो, नाशिकला इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकबाहेर पट्ट्यात असताना समोरून दुसरं कुत्रं आलं की दोन पायांवर उभा राहून बोंबलायचा, आणि तोच गंगापूर रोडच्या पुढे मित्राच्या द्राक्षबागेत मोकळा सोडला तर तिथल्या दोन गावठी कुत्र्यांच्या बाजूने वळसा घालून गेला, शेपटीकडे हुंगाहुंगी झाली, संपला विषय. पट्टा ताणलेला असला की कुत्र्याला ना वळसा घेता येतो ना लांब सटकता येतं, आणि वर आपण घाबरून अजून ओढतो.

खरी गडबड पार्कच्या गेटवर होते. आतली सगळी दाराशी गोळा होतात आणि नवीन आलेला बिचारा पट्ट्यासकट त्यांच्या मधोमध. म्हणून दुहेरी गेट हवंच, मधल्या जागेत पट्टा काढायचा आणि मगच आतलं दार उघडायचं. अजून एक, पार्वोबद्दल, म्हणजे पिल्लांच्या जिवावर उठणाऱ्या त्या जुलाब-उलट्यांच्या आजाराबद्दल, कुणी बोललंच नाही. त्याचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, साध्या फिनाईलला दाद देत नाही, त्यामुळे लसींचा कोर्स पूर्ण नसलेलं पिल्लू तिथे नेऊच नका. दोन महिन्यांचं पिल्लू कडेवर घेऊन "जरा सोशल होऊ दे" म्हणणारे एक काका भेटले होते, त्यांना हेच सांगितलं तर म्हणे, आमच्या वेळी कुठे होत्या लसी!