मुलगी चालत नाही, बोलत नाही: गरोदरपणातल्या बीपीमुळे असेल का? मदत हवी आहे

चिंबपाऊस
मुलगी 16 महिन्यांची आहे. चालत नाही, एकही शब्द बोलत नाही. गरोदरपणात माझं बीपी खूप वाढलं होतं, लघवीतून प्रोटीन जात होतं, म्हणून तातडीने सीझर केलं. अशा मुलांना ऑटिझम आणि एडीएचडी (अतिचंचलपणा, लक्ष न टिकणं) होतो असं वाचलं. एम-चॅट (ऑटिझमची शक्यता चाळणारी पालकांसाठीची प्रश्नावली) भरला तर 6 गुण आले. आता नेमकं काय करायचं? 'मुलं आपापल्या वेळेने चालतात' हे सगळ्यांकडून ऐकून झालंय, कृपया तेच नको.

निळीशाई
सीझर कितव्या आठवड्यात झालं? जन्मवजन किती? बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होतं का? हे कळल्याशिवाय 16 महिने या आकड्याला काही अर्थ नाही.

पारिजात
आधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. बाळाचा लोहाचा साठा मुख्यतः शेवटच्या तिमाहीत भरतो. लवकर जन्मलेल्या बाळांचा तो अपुरा राहतो आणि लोह कमी पडलं तर विकास मंदावतो. उद्यापासूनच लोहाचे थेंब सुरू करा.

सह्यवारा
पारिजात, तपासायला सांगताय ते योग्य, पण रिपोर्टआधीच थेंब कशाला? लोहाचा डोस वजनावर ठरतो आणि जास्त झाला तर विषबाधा होते. शिवाय ताप किंवा सर्दी असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. सोबत सीआरपी (शरीरात दाह आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी) करावं लागतं.

चिंबपाऊस
30 आठवडे, 1150 ग्रॅम. हो, एनआयसीयूत महिन्याहून जास्त होती. त्याचा आता काय संबंध? डोळे तपासलेत, कानाची टेस्टही पास आहे.

निळीशाई
संबंध इथेच आहे. 40 वजा 30 म्हणजे 10 आठवडे, साधारण सव्वादोन महिने. तुमच्या मुलीचं सुधारित वय, म्हणजे मूळ अपेक्षित तारखेपासून मोजलेलं वय, पावणेचौदा महिने भरतं. दोन वर्षांची होईपर्यंत सगळे टप्पे याच वयाने मोजायचे. डब्ल्यूएचओच्या मोजमापात आधाराशिवाय चालण्याचा काळ 8.2 ते 17.6 महिने आहे, म्हणजे नुसतं 'चालत नाही' यावरून उशीर म्हणता येत नाही. एम-चॅट 16 ते 30 महिन्यांसाठी आहे आणि तिथेही सुधारित वयच धरतात. तुम्ही तो त्या वयाआधीच भरलात, त्यामुळे त्या 6 वर विसंबू नका. योग्य वयात भरल्यावरही 3 ते 7 गुण म्हणजे निदान नव्हे, पुढची प्रश्नोत्तरं करायची असतात.

ठिपका
पण याचा अर्थ निवांत बसा असा होत नाही! उभी केल्यावर टाचा टेकतात का? पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात का? एकच हात जास्त वापरते का? एका वर्षाच्या आत हाताची ठाम पसंती दिसली तर दुसऱ्या बाजूच्या स्नायूंची तपासणी लागते. आणि वॉकर असेल तर आजच काढून ठेवा. त्याने चालणं लवकर येत नाही, इजा मात्र होतात.

अक्षरओळ
पुढच्या गरोदरपणात हा त्रास पुन्हा होऊ नये म्हणून 12 व्या आठवड्यापासून, उशिरात उशिरा 16 व्या आठवड्याआधी, ॲस्पिरिनबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि तुमचं स्वतःचं बीपी दरवर्षी तपासत राहा, प्रीएक्लॅम्प्सियानंतर (गरोदरपणात बीपी वाढून लघवीतून प्रोटीन जाणं, तुम्हाला झालं तेच) हृदयविकाराचा धोका वाढलेला राहतो. सीझरआधी मॅग्नेशियम सल्फेट दिलं होतं का?

चिंबपाऊस
पुढच्या बाळाबद्दल मी काही विचारलेलंच नाही!

सह्यवारा
मॅग्नेशियम 32 आठवड्यांआधीच्या प्रसूतीत सेरेब्रल पाल्सीचा (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवरचा ताबा बिघडण्याचा) धोका कमी करायला देतात. पण दिलं होतं की नाही हे कळून आजची तपासणी बदलत नाही. मूळ प्रश्नाकडे येतो. प्रीएक्लॅम्प्सियात वारेला रक्त पुरवणाऱ्या गर्भाशयातल्या रक्तवाहिन्या नीट रुंदावत नाहीत, बाळाला रक्त कमी पोचतं, वाढ खुंटते आणि प्रसूती लवकर करावी लागते. ऑटिझमशी दिसणाऱ्या संबंधाचा काही भाग त्या लवकर जन्मातून येत असावा. 2018 च्या एका एकत्रित विश्लेषणात गरोदरपणात बीपी वाढलेल्या आयांच्या मुलांत ऑटिझमची शक्यता 1.35 पट, एडीएचडीची 1.29 पट दिसली. समजा 1000 मुलांत 10 जणांना ऑटिझम असेल, तर अशा 1000 मुलांत 13-14. बाकीच्यांना नाही.

पारिजात
आणि गरोदरपणात घेतलेल्या पॅरासिटामॉलचं काय? त्यानेही ऑटिझम होतो म्हणतात.

सह्यवारा
स्वीडनमध्ये सुमारे 25 लाख मुलांच्या नोंदींत भावंडांची तुलना केली तेव्हा तो संबंध उरला नाही. इथे हा विषय नको.

निळीशाई
चिंबपाऊस, कानाची कोणती टेस्ट 'पास' आहे? कागदावर ओएई आहे की बेरा (कानापासून मेंदूपर्यंतची नस तपासणारी टेस्ट)? नावाने हाक मारली तर वळते का? हवं ते बोटाने दाखवते का?

चिंबपाऊस
ओएई लिहिलंय. कधी वळते, कधी नाही. बोटाने दाखवत नाही, माझा हात धरून नेते. टाचा टेकतात.

निळीशाई
मग चालण्यापेक्षा ऐकणं आणि संवाद याकडे आधी लक्ष द्या. ओएई आतल्या कानातल्या केसपेशी तपासते, पुढची नस तपासत नाही. एनआयसीयूत 5 दिवसांहून जास्त राहिलेल्या बाळाला म्हणूनच बेरा लागते. बेरा आणि विकासतज्ज्ञ (मुलांच्या विकासाचे डॉक्टर), दोन्ही वेळा याच आठवड्यात मागा, एकासाठी दुसरं अडवू नका. बोटाने न दाखवणं आणि हाताला धरून नेणं हे विकासतज्ज्ञांना पहिल्याच वाक्यात सांगा. निदानाची वाट न पाहता थेरपी सुरू करता येते.

ठिपका
सोबत तीन छोटे व्हिडिओ न्या: धरून उभी राहताना, खेळताना, आणि मागून हाक मारल्यावर.

चिंबपाऊस
बेराला झोपवावं लागतं म्हणे. ती दिवसा झोपतच नाही.

निळीशाई
त्या दिवशी नेहमीपेक्षा दोन तास लवकर उठवा, वाटेत झोपू देऊ नका, दूध तिथेच पाजा. तरीही झोपली नाही तर झोपेचं औषध त्यांच्या देखरेखीखालीच, घरून देऊन नेऊ नका. सर्दी असेल तर आधी फोन करा, मधल्या कानात पाणी असलं की निकाल बिघडतो.